ओल्ड मंक, कडक कॉफी आणि वरचं क्रीमचं झाकण: फारिझेअरची कोल्हापुरी कसोटी

ओल्ड मंकची एक क्वार्टर, चार कप कडक काळी कॉफी, पाव लिटर क्रीम आणि शेजारी केकचा तुकडा. कोल्हापुरात सहज जमणाऱ्या एवढ्या सामानावर उत्तर जर्मनीतला फारिझेअर, म्हणजे क्रीमनं झाकलेली रमची कॉफी, उत्तम होतो आणि व्हिएन्नाचा फियाकर त्याहून कमी कष्टात होतो. आयरिश कॉफी मात्र या बाटलीतून होत नाही, तिला आयरिश व्हिस्की लागते. 'आयरिश' म्हणून कुणी रम घातलेली कॉफी पुढे केली, तर ती चवीला चांगली असू शकेल, पण ते नाव तिला लागू नाही.

हे परीक्षण घरी करणाऱ्यांसाठी आहे, कारण दुसरी सोय जवळजवळ नाहीच. दारू घातलेली कॉफी विकायची तर परवाना लागतो, म्हणून राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या साध्या कॅफेत ती मागण्यात अर्थ नाही. परमिट रूममध्ये रम मिळते, पण ताजी उतरवलेली कॉफी आणि हातानं फेटलेली क्रीम तिथं बहुधा नसते.

फारिझेअर म्हणजे मराठी बायबलमधला 'परूशी', देवाधर्माचं सोंग घेणारा. नाव कसं पडलं याची गोष्ट उत्तर समुद्राकाठच्या नॉर्डस्ट्रांडची, १८७२ सालची. पेटर योहानसेन नावाच्या शेतकऱ्याकडे मुलाचा बाप्तिस्मा होता आणि पाद्री गेओर्ग ब्लायर दारूचे कडक विरोधक. पाहुण्यांनी कॉफीत रम ओतली आणि वास बाहेर येऊ नये म्हणून वर क्रीमचा जाड थर दिला. पाद्रीबुवांच्या हाती चुकून रमचा कप गेला आणि ते ओरडले, "अरे परूश्यांनो!" गोष्ट किती घडली, किती रचली गेली, ते बाजूला ठेवू. पेयाची सगळी रचना मात्र तिच्यात आहे. क्रीम शोभेसाठी नाही, ती झाकण आहे. झाकण फुटलं, विरघळलं किंवा बुडालं की उरते ती फक्त रम घातलेली गोड कॉफी. म्हणून तिकडे फारिझेअर ढवळत नाहीत. थंड क्रीममधून खालची गरम कॉफी ओढून प्यायची, आणि जो ढवळेल त्यानं सगळ्यांना एक फेरी पाजायची, असा रिवाज आहे.

रमचं मापही तिथं थेट कोर्टात ठरलं. रम कमी आहे म्हणून एका गिऱ्हाइकानं पैसे द्यायला नकार दिला, आणि १९८१ साली फ्लेन्सबुर्गच्या न्यायालयानं २० मिली रमला फारिझेअर म्हणता येणार नाही असा निकाल दिला. ४० मिली हे खरं माप. आपल्याकडची मापं ३० आणि ६० ची. ३० चा स्मॉल पेग आणि वर दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे बरोबर ४०. क्वार्टर १८० मिलीची असते. चार कपांना १६० जातात आणि २० मिली केकसाठी उरतात.

आता बाटलीकडे. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे. नेहमीची सात वर्षं मुरवलेली काळी रम ४२.८ टक्क्यांची. वास व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा, चव गोडसर, घशाला मऊ. फ्लेन्सबुर्गकडची परंपरा वेगळी आहे. ते शहर १८६४ पर्यंत डॅनिश राजवटीखाली होतं, कॅरिबियनमधल्या डॅनिश वसाहतींतून तिथं रम यायची, आणि पुढे उग्र, फळांच्या वासाची जमैकन रम मिसळून तिथले उत्पादक आपली रम बनवत राहिले. फारिझेअरसाठी तिकडे ५४ टक्क्यांची तपकिरी रम वापरतात. ती कॉफीच्या कडूपणाला भिडते. ओल्ड मंक भिडत नाही, कॉफीत विरघळून जाते. त्यामुळे मूळ पेयातली धार थोडी कमी होते आणि कपाला कॅरॅमलचा गोलवा येतो. तो इथल्या जिभेला अधिक रुचेल असं वाटतं. रमला फारिझेअरसाठी दहापैकी आठ गुण. जे दोन गेले ते धारेचे.

ही तूट रम वाढवून भरून काढायचा मोह होतो. गणित सरळ आहे: ५४ टक्क्यांच्या ४० मिलीत साडेएकवीस मिली मद्यार्क असतो, ओल्ड मंकच्या ४० मिलीत सतरा. बरोबरीला यायला ५० मिली घालावी लागेल. ती घालू नये. वाढलेल्या दहा मिलीबरोबर व्हॅनिला आणि गोडवाही वाढतो, कॉफी मागं पडते आणि कप आणखी गार होतो. धार हवी असेल तर ती कॉफीतून आणावी.

कॉफी निवडताना कोल्हापूरकरांना एक सोय आहे. निपाणी-बेळगाव हाताशी असल्यानं फिल्टर कॉफीची पूड इथं नवी नाही. पण चिकोरीचं प्रमाण पाकिटावर वाचूनच घ्यावं. २० टक्क्यांपर्यंत ठीक. त्याच्या पुढे गेलं की चिकोरीचा जळका गोडवा आणि रमचा जळका गोडवा एकावर एक चढतात आणि कॉफी काढ्यासारखी लागते. बिनचिकोरीची, मध्यम ते गडद भाजलेली पूड सर्वांत बरी. फ्रेंच प्रेस असेल तर पाव लिटर पाण्याला १८ ग्रॅम जाडसर पूड, चार मिनिटं. एवढ्यात दोन कप निघत नाहीत, कारण पूड बरंच पाणी धरून ठेवते. दोन कपांसाठी ३०० मिली पाणी आणि २२ ग्रॅम पूड धरावी.

स्टीलच्या फिल्टरची कॉफी चवीला याहून चांगली, पण तिची अडचण उष्णतेची. डिकॉक्शन उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तोवर ते कोमट होतं. त्यात नुसतं उकळतं पाणी घातलं, वर रम गेली, की कप साठ अंशांवर येतो. वरून थंड क्रीम पडते आणि तिसऱ्या घोटाला सगळं गार. म्हणून डिकॉक्शनचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून वाफाळेपर्यंत तापवावं. थेट आचेवर ठेवून उकळी आणू नये, कडवट होतं. ६० मिली गरम डिकॉक्शन, ६० मिली उकळतं पाणी, एका कपाला एवढं. इन्स्टंट कॉफीवर वेळ घालवू नये. रमपुढे ती पातळ आणि आंबूस लागते, आणि पूड वाढवली तरी फक्त कडूपणा वाढतो.

साखर वगळणाऱ्यांचं क्रीम बुडतं. बिनसाखरेची कॉफी आरोग्याला बरी असेल, पण इथं साखरेला चवीखेरीज एक काम आहे: ती कॉफी जड करते. रम पाण्याहून हलकी असते, ती घातल्यावर कॉफी आणखी हलकी होते आणि क्रीमला खालून आधार राहत नाही. जर्मनीत साखरेच्या दोन वड्या घालतात. ओल्ड मंकमध्ये स्वतःचा गोडवा असल्यानं दीड सपाट चमचा, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास, पुरतो.

साखरेऐवजी गूळ घालावा का? कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, आणि उत्तर होकारार्थी आहे. रम मळीची, गूळ रसाचा, दोन्ही उसाचीच लेकरं. काळसर, सेंद्रिय म्हणून विकला जाणारा गूळ किसून आठ ग्रॅम घेतला की ओल्ड मंकला तिच्यात नसलेला थोडा खारट, मातीचा वास मिळतो. पिवळाधमक गूळ घेतला तर साखरेपेक्षा वेगळं काही हाती लागत नाही. दोन गोष्टी पाळाव्यात. गूळ कॉफीत पूर्ण विरघळवून बारीक गाळणीतून गाळावा, नाहीतर तळाशी कचकच येते. आणि गुळाच्या कॉफीत क्रीम ढवळू नये. गरम दूध गुळानं फाटतं हे घरोघरी माहीत आहे, आणि आंबट कॉफीबरोबर तर ते लवकर फाटतं. क्रीम वर तरंगत राहिली तर फाटायला वाव मिळत नाही. न ढवळण्याचा नॉर्डस्ट्रांडचा रिवाज इथं असा कामी येतो.

आता क्रीम. घरी केलेले बहुतेक कप इथंच फसतात.

दुकानात सर्वत्र मिळणारी टेट्रापॅकमधली 'फ्रेश क्रीम' २५ टक्के स्निग्धांशाची असते. ती कितीही फेटली तरी टोकं धरत नाही. भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये ती चांगली, इथं निरुपयोगी. पाकिटावर 'व्हिपिंग क्रीम' आणि किमान ३० टक्के स्निग्धांश लिहिलेला पाहावा. ३५ टक्क्यांची मिळाली तर काम आणखी सोपं. ही सगळ्या दुकानांत नसते. केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत किंवा मोठ्या मॉलमध्ये विचारावं, आणि थंड कपाटातलीच घ्यावी. एकदा गोठून वितळलेली क्रीम फेटताना दाणेदार होते.

केकचं सामान विकणारा दुकानदार बहुधा दुसरीच वस्तू पुढे करतो: वनस्पती तेलाची व्हिप टॉपिंग. वाढदिवसाच्या केकवर असते तीच. ती सुरेख फुगते, उन्हाळ्यातही बसत नाही आणि कॉफीवर तासभर तरंगते. तरीही घेऊ नये. तिच्यात साखर आधीच असते, आणि तिची चरबी दुधाच्या चरबीसारखी जिभेवर विरघळत नाही. टाळूला मेणासारखा थर बसतो आणि त्याखाली रमचा वासच लागत नाही. तरंगणं एवढीच कसोटी असती तर ती पहिली आली असती.

आणि घरची साय? गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात हा विचार मनात येणं साहजिक आहे. म्हशीच्या दुधाची साय जाड, चवीला श्रीमंत, पण ती तापवलेल्या दुधाची असते. तिच्यात शिजलेल्या प्रथिनांचे पापुद्रे असतात, हवा धरत नाहीत. फेटली की आधी गुठळ्या आणि मग थेट लोणी. साय मिक्सरमधून काढून, गाळून, थोड्या दुधात पातळ केली तरी फेस दोन मिनिटांत बसतो. सायीचं लोणी करावं, तूप करावं. कॉफीवर तिला बसवू नये.

फेटण्याची रीत. २५० मिली क्रीम रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. एप्रिल-मेमध्ये पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटावं. कोल्हापूरचा पारा छत्तीस-सदतीसला गेला की क्रीम फुगण्याआधीच फुटते. आधी मंद गती, बुडबुडे बारीक झाले की मध्यम. सर्वांत जलद गती वापरूच नये. पात्यांच्या रेषा क्रीममध्ये उमटून राहिल्या आणि उचललेलं टोक किंचित वाकलं की थांबायचं. तिथून लोण्यापर्यंत जायला अर्धं मिनिट पुरतं. कडेला पिवळट कण दिसले तर दोन चमचे न फेटलेली थंड क्रीम हातानं मिसळून पाहावी, बऱ्याचदा सावरते. पाणी सुटलं असेल तर सावरत नाही. साखर घालू नये. कॉफी गोड आहे, वरची क्रीम फिकी हवी, त्या फरकातच चव आहे.

जुळणी भराभर करायची. १८० ते २०० मिलीचा जाड चिनी मातीचा उंच कप उकळत्या पाण्यानं भरून दोन मिनिटं ठेवावा, मग पुसून कोरडा करावा. त्यात साखर किंवा गूळ आणि १२० मिली कॉफी. आधी पूर्ण ढवळून घ्यावं, कारण नंतर चमचा लावायचा नाही. मग ४० मिली रम. रमची बाटली आधी कोमट पाण्यात उभी करून ठेवली तर कप गार होत नाही. रम पातेल्यात तापवू मात्र नये. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, त्याच्याआधीच वास उडायला लागतो, आणि आचेवर पेट घेण्याचा धोका वेगळाच. शेवटी क्रीम, बोटाच्या एका पेराएवढी जाड, मोठ्या चमच्यानं कडेपासून आत सरकवत. मधोमध टाकली तर बुडी मारते. कडेला कपाशी फट राहिली तर तिथून वाफ निघते आणि रमचा भपका नाकात जातो. कप नीट झाला आहे का, हे पाहायला नाक वर धरावं: क्रीमचा वास यायला हवा, रमचा नाही.

सोबतचा केक नॉर्डस्ट्रांडच्या भागात, म्हणजे फ्रीसलँडमध्ये, ठरलेला आहे: फ्रीझनटोर्ट. पापुद्र्यांच्या पेस्ट्रीचे थर, त्यांत प्लमचा दाट मुरांबा आणि फेटलेली क्रीम. कोल्हापुरात या केकची गोडी अशी की त्याचा मुख्य घटक प्रत्येक बेकरीच्या बरणीत आहे. खारी म्हणजे तीच पापुद्र्यांची पेस्ट्री. साधी घ्यावी, जिरं-ओव्याची नको. पावसाळ्यात सादळलेली असेल तर १५० अंशांवर पाच मिनिटं भाजून पूर्ण गार करावी. ज्या बेकरीत रोज पॅटिस भाजतात तिथं कच्ची लाटलेली शीट मागून पाहावी. काट्यानं टोचून २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं भाजली की खारीपेक्षा उंच थर मिळतात आणि मीठही हाताशी राहतं.

मुरांब्यासाठी २०० ग्रॅम बिनबियांचे सुके प्लम, दीडशे मिली पाणी, पाव चमचा दालचिनी. झाकून मंद आचेवर पंधरा मिनिटं, मग घोटून एक चमचा लिंबाचा रस आणि क्वार्टरमधली उरलेली २० मिली रम. साखर नको. बाजारचा मिक्स फ्रूट जॅम वापरला तर केक नुसता गोड होतो, प्लमचा आंबटपणा हीच त्याची बाजू. खारीचा थर, त्यावर मुरांबा, त्यावर क्रीम, पुन्हा खारी, वरून पिठीसाखर. रचल्यापासून वीस मिनिटांत खावा. फ्रिजमध्ये ठेवला तर पापुद्रे चामड्यासारखे होतात. वनस्पती तुपातल्या खारीचा टाळूला बसणारा थर हा या केकचा खरा दोष आहे. गरम कॉफीबरोबर तो बराच धुऊन निघतो, पण लोण्यातली शीट मिळाली तर दुसरा विचार करू नये.

फियाकरला एवढी उस्तवार नाही. फियाकर म्हणजे व्हिएन्नातली दोन घोड्यांची बग्गी. काळी कॉफी काचेच्या दांड्याच्या पेल्यात, त्यात रम किंवा फळांची दारू, वर क्रीम. एका घोड्याच्या गाडीवरून नाव पडलेली आइनश्पेनर तीच, फक्त बिनदारूची. गाडीवान भाड्याची वाट बघत असताना वरच्या क्रीमखाली कॉफी ऊबदार राहायची, असं सांगतात. घरात न पिणारे असतील तर त्यांना आइनश्पेनर द्यावी, ताटात दुजाभाव दिसत नाही. फियाकरला ३० मिली ओल्ड मंक पुरे, आणि इथं तिला दहापैकी नऊ. ऑस्ट्रियात तिथंच बनणारी रमही व्हॅनिला-कॅरॅमलच्याच वळणाची, त्यामुळे काही हरवल्यासारखं वाटत नाही. सोबत झाखरटोर्ट, १८३२ पासूनचा, चॉकलेटच्या केकला जर्दाळूचा जॅम आणि वर चॉकलेटचं कवच. तो केक मुळातच कोरडा असतो, म्हणून शेजारी बिनसाखरेची क्रीम देतात. इथल्या बेकऱ्यांतला क्रीम लावलेला चॉकलेट केक त्याची जागा घेत नाही. बिनक्रीमचा साधा चॉकलेट स्पंज घेऊन आडवा कापावा आणि जर्दाळूचा जॅम लावावा, बरंच जवळ जातं.

आयरिश कॉफीचं माप आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेनं ठरवलं आहे: ५० मिली आयरिश व्हिस्की, १२० मिली कॉफी, ५० मिली थंड क्रीम, चमचाभर साखर. इथं क्रीम टोकं धरेपर्यंत फेटायची नसते, ओतता येईल एवढीच दाट करायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या बुएना व्हिस्टा कॅफेत १९५२ साली आयर्लंडची ही कॉफी तिथं पहिल्यांदा करताना क्रीम बुडत राहिली, आणि ४८ तास जुनी क्रीम हलकी फेटून घेतल्यावर जमली. रम घातली की व्हिस्कीतला धान्याचा कोरडेपणा जातो आणि सगळंच गोड होतं. केक तिच्या परंपरेत नाही, ती जेवणानंतरची.

जर्मनीतल्याच ऱ्यूडेसहाइम गावची कॉफी ओल्ड मंकवर करू नये. १९५७ सालच्या त्या कृतीत तीन साखरेच्या वड्या ४० मिली गरम ब्रँडीत पेटवून, मिनिटभर ढवळून मग कॉफी ओततात. रम पेटते, पण आधीच कॅरॅमलच्या वासाची रम जाळली की कडू धूर उरतो. शिवाय तिला जाड मातीचा खास कप लागतो, काचेचा पेला तडकतो.

दोन गोष्टी कपाइतक्याच महत्त्वाच्या. महाराष्ट्रात रमसाठी वय २५ पूर्ण आणि पिण्याचा परवाना लागतो. आणि कॉफीनं नशा उतरत नाही, फक्त झोप जाते, म्हणून माणसाला आपण ठीक आहोत असं उगाच वाटतं. एका फारिझेअरमध्ये साधारण साडेतेरा ग्रॅम मद्यार्क असतो. गाडी चालवण्यासाठी रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि साठ किलोच्या माणसाला ती गाठायला हा एकच कप पुरतो. धुकं बघायला पन्हाळ्यावर जायचं असेल तर आधी जाऊन यावं. क्रीम तेवढा वेळ फ्रिजमध्ये थांबते, फेटलेली असेल तर तीन-चार तास, फक्त वाढण्याआधी दोन हात मारून घ्यावे.